बऱ्या झालेल्या मुलाचा भोग कोणाच्या खात्यावर?

बालपणी रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्यांपैकी मोजक्या काहींना पंधरा-वीस वर्षांनी कानाजवळच्या लाळग्रंथीचा कर्करोग होतो. हा जुना रोग उलटून आलेला नसतो. तो नवा, स्वतंत्र रोग असतो आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा पहिल्या रोगावरच्या उपचारात, म्हणजे डोक्याला दिलेल्या किरणांत सापडते. कारण सापडले की वैद्यकाचे समाधान होते. धर्मविचाराची अडचण मात्र तिथूनच सुरू होते. ज्या कृतीने मूल वाचले, तिनेच त्याला पुढे व्याधी दिली, तर ही व्याधी कोणाच्या कर्माचे फळ मानायची? मुलाच्या, आईबापांच्या, डॉक्टरांच्या, की कोणाच्याच नाही?

प्रश्नाची धार कळायला आधी उपचार कळायला हवा. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने तो काही काळ मागे हटतो हे दाखवून दिले. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते औषध तयार झाले होते. पण रोग परतायचा, आणि पुष्कळदा मेंदूच्या आवरणांतून परतायचा, कारण रक्तातले औषध तिथवर नीट पोहोचत नसे. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६७ पासून हे लपण्याचे ठिकाणच मोडायचे ठरवले. सगळ्या मुलांच्या डोक्याला २४ ग्रे इतके किरण आणि सोबत पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट. त्यांच्याकडची जवळपास निम्मी मुले कायमची बरी झाली. जो रोग तोवर मृत्यूचाच निरोप मानला जाई, त्याच्याबाबत ही घडामोड केवढी मोठी होती, हे आजच्या आकड्यांनी सवयीचे झालेल्या वाचकाला चटकन जाणवत नाही. भारतात मुंबईच्या टाटा रुग्णालयाने, आणि त्यासोबत दिल्लीच्या एम्स व चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटने, एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती राबवली. नावातला ८४ हा १९८४ सालचा. तिच्यात डोक्याला १८ ग्रे किरण होते. त्या काळात कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून मुंबई गाठलेल्या आणि या पद्धतीने बऱ्या झालेल्या मुलांनी आज तिशी-चाळिशी गाठली आहे.

किरणांना कोल्हापूरकडे ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाइट’ म्हणतात. मुलाला टेबलावर उताणे निजवतात. डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार साचा घट्ट बसवतात. आईला बाहेर थांबायला सांगतात आणि जाड दार बंद होते. यंत्र उजव्या बाजूने आणि मग डाव्या बाजूने, असे समोरासमोर किरण सोडते. काही मिनिटांचे काम, आणि मुलाला काहीच जाणवत नाही. कवटीचा तळ अजिबात सुटू नये म्हणून किरणांच्या चौकटीची खालची कड मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या आसपास ठेवतात. डोळ्यामागचा भागही चौकटीत घेतात, कारण ल्युकेमियाच्या पेशी दृष्टीच्या नसेलगत दडतात. कानासमोर व कानाखाली पसरलेली पॅरोटिड ग्रंथी, म्हणजे गालगुंडात सुजते तीच, अशा चौकटीत अर्धीमुर्धी सापडते. तिला कोणी लक्ष्य केलेले नसते. ती वाटेत असते.

या ग्रंथीला किरण सोसत नाहीत हे वेगवेगळ्या दिशांनी कळत गेले. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत लाळग्रंथीच्या गाठी जास्त आढळल्या. इस्रायलमध्ये १९५० च्या सुमारास डोक्याच्या नायट्यासाठी हजारो मुलांना किरण दिले होते. त्यांच्यातही पुढे तेच दिसले. उत्तर अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात उपचार घेतलेल्या बालकर्करुग्णांचा जो मोठा पाठपुरावा चालू आहे, त्याचा लाळग्रंथींविषयीचा अहवाल २०१३ मध्ये आला. सर्व प्रकारच्या बालकर्करोगांतून वाचलेल्या १४,१३५ जणांत लाळग्रंथीचा कर्करोग २३ जणांना झाला. पहिला रोग सरासरी आठव्या वर्षी, दुसरा सरासरी पंचविशीच्या उंबरठ्यावर. सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत प्रमाण ३९ पट, आणि किरणांची मात्रा वाढेल तशी जोखीमही सरळ रेषेत वाढलेली. ३९ पट हा आकडा छातीत धडकी भरवतो, पण मुळात हा रोग इतका विरळ की एक लाख व्यक्ति-वर्षांमागे जादा रुग्ण दहाच्या आतच भरतात. बहुतेक गाठी म्यूकोएपिडरमॉइड जातीच्या असतात आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण सहसा बरा होतो. अवघड जागा एकच: चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. ती दुखावली तर डोळा मिटत नाही आणि हसताना ओठ एकीकडे ओढला जातो.

अशी गाठ आली की घरात पहिला प्रश्न मात्रेचा निघत नाही. ‘एकदा देवानं वाचवलं, मग परत आमच्याच पदरी का?’ असे विचारले जाते. पंचगंगा-कृष्णेच्या संगमावर नृसिंहवाडीला दत्तासमोर, जोतिबाच्या डोंगरावर किंवा गावच्या देवाला कौल लावून हा प्रश्न पुढच्या पिढ्यांतही विचारला जाईल, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. मिरजेचे वानलेस रुग्णालय १८९४ पासून या भागाला ठाऊक आहे, कर्करोगाचे उपचार आता गोकुळ शिरगावातही मिळतात, मुंबईला गेलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो. दवाखाना आणि देव अशी निवड इथली माणसे क्वचितच करतात, दोन्ही वाटा एकदमच चालतात. ‘का?’ या प्रश्नाला उत्तर कोणते मिळते हे मात्र महत्त्वाचे, कारण तेवढ्यावर आईबापांची पुढची सगळी वर्षे बेततात.

सर्वांत तयार उत्तर म्हणजे पूर्वकर्म. ते गंभीरपणे घ्यायचे तर त्याची स्वतःची शिस्तही पाळायला हवी. भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्ताच्या समर्थनार्थ दोन दोष सांगितले, ते जोडीनेच येतात: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेले फुकट जाणे हा एक दोष, न केलेले अंगावर येणे हा दुसरा. हे दोन्ही टळावेत म्हणून तर एका जन्माचे फळ दुसऱ्या जन्मात मानले गेले. ब्रह्मसूत्रांनी ईश्वरावरचा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप दूर केला तोही याच आधारावर, की तो प्रत्येकाला ज्याच्या-त्याच्या कर्मानुसार फळ देतो. लाळग्रंथीच्या या रोगात मात्र अडचण वेगळी आहे. इथे कारण अज्ञात नाही. कृती ठाऊक आहे, तिची तारीख ठाऊक आहे, मात्रा कागदावर लिहिलेली आहे. कृती मोठ्यांनी केली आणि फळ लहानग्याच्या देहात आले. अदृष्टाची योजना दृष्ट कारण सापडत नसेल तिथे करायची, असा शास्त्रकारांचा रिवाज. दृष्ट कारण समोर असताना ते बाजूला सारून मुलाच्या गेल्या जन्माकडे बोट दाखवणे हे श्रद्धेपेक्षा आळसाच्या जवळ जाते.

एकाने करावे आणि दुसऱ्याने भोगावे, याचा विचार मीमांसकांनी केला होता. फळ करणाऱ्याला मिळते हा त्यांचा सामान्य नियम. पण पुत्रजन्मानंतर पित्याने करायच्या वैश्वानर इष्टीबाबत, म्हणजे जातेष्टीबाबत, त्यांनी अपवाद मान्य केला: यजमान पिता, पण तेज, अन्न, सामर्थ्य हे फळ पुत्राचे. जैमिनीच्या सूत्रांत ही चर्चा चौथ्या अध्यायात येते. एरवी कर्मकांडाच्या सांदीत पडून राहिलेले हे अधिकरण रुग्णालयातल्या संमतिपत्राला विलक्षण लागू पडते. बाप सही करतो, फळ मुलाचे. तिथे शास्त्राने इष्ट फळाचीच हमी दिली होती. इथे त्याच सहीत इष्ट आणि अनिष्ट दोन्ही गुंफलेले असतात आणि अनिष्ट भाग वीस वर्षे दिसत नाही. आता अपवाद मानायचाच तर दोन्ही बाजूंनी मानावा लागेल. जीव वाचला ते डॉक्टरांचे पुण्य आणि गाठ आली ते पोराचे पाप, अशी वाटणी कोणत्याही दर्शनात बसत नाही. बोलण्यात मात्र ती सर्रास होते.

जैन कर्मशास्त्रात या काळाच्या अंतराला नाव आहे. कोल्हापूर आणि दक्षिण महाराष्ट्रात जैन समाज मोठा. शहरात लक्ष्मीसेन मठ, जवळ कुंभोज-बाहुबली, आणि राजाराम कॉलेजात दीर्घकाळ अर्धमागधी शिकवलेले आ. ने. उपाध्ये यांच्यासारखा पंडित याच भूमीतला. या शास्त्राप्रमाणे कर्म म्हणजे जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य. ते बांधले गेले की लगेच फळत नाही, काही काळ निपचित राहते. तो आबाधाकाळ. मग उदय. वेदनेचे फळ देणारे ते असातावेदनीय. किरणांनी पेशीतल्या गुणसूत्राला झालेली इजा, पंधरा-वीस वर्षांची शांतता आणि मग गाठ, या क्रमाशी हे वर्णन इतके जुळते की भुरळ पडते. भुरळ आवरलेली बरी. आबाधाकाळ कर्माच्या स्थितीवरून ठरतो आणि तो जीवाच्या स्वतःच्या रागद्वेषांनी बांधलेल्या कर्माचा असतो. यंत्रातून आलेल्या किरणांचा तो नव्हे. साम्यातून घेण्यासारखे निराळेच आहे. बांधलेले कर्म जसेच्या तसे फळतेच असे जैन आचार्य मानत नाहीत. त्याची मुदत व तीव्रता घटते, वाढते, त्याचे रूपही पालटते, तपाने ते झडते, म्हणजे त्याची निर्जरा होते. म्हणजे कर्म मानणाऱ्यानेही हातपाय गाळून बसावे असे इथे काही सांगितलेले नाही.

बौद्ध परंपरा आणखी स्पष्ट बोलते. संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात एक परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असते, हे म्हणणे खरे का? बुद्ध आठ कारणे सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा संनिपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक. सगळेच पूर्वकर्मावर घालणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे जातात आणि जगाने सत्य मानलेल्याच्याही, असा त्यांचा निष्कर्ष. किरणांची इजा या आठांत कुठे बसते हे ठरवायला पंडित नको. हीच वाट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नेली. १९२० च्या मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत कोल्हापूर संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत जे राजकीय नेतृत्व उभे राहिले, त्याने १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेचा खरा उपयोग काय, असे विचारले. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच तो असू शकतो, असे त्यांचे उत्तर होते. ते मुख्यतः जातीविषयी बोलत होते, पण कर्करोगातून वाचलेल्या मुलालाही ते नेमके लागते. गाठ हा त्याचा ‘भोग’ ठरला की त्याला किती किरण दिले, त्याची नोंद कोणी ठेवली, वर्षातून एकदा मान चाचपून पाहायचे काम कोणाचे, हे प्रश्न आपोआप मिटतात.

मग उपचारच चुकला का? याचे सर्वांत जुने आणि सर्वांत कडक उत्तर चरकसंहितेत मिळते. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे कारण कशी बनते हे सांगताना ग्रंथकार उपचाराची कसोटी घालून देतो. जो प्रयोग एक व्याधी शमवून दुसरी उठवतो तो शुद्ध नव्हे. शुद्ध तो, जो शमवतो आणि काही नवे भडकवत नाही. या कसोटीवर पिंकेल यांचा उपचार अशुद्ध ठरतो, एमसीपी ८४१ अशुद्ध ठरते आणि खरे तर आजची जवळपास सगळी केमोथेरपी अशुद्ध ठरते. मात्र चरकाने अशुद्ध म्हटले म्हणजे निषिद्ध म्हटले असे होत नाही. वाक्य वैद्याला लाज वाटावी म्हणून आहे, त्याने हात आखडावा म्हणून नाही. विमानस्थानात आयुष्य सर्वांचे ठरलेलेच असते हे मत तोच ग्रंथ खोडून काढतो, कारण तसे असते तर औषधाला अर्थच उरला नसता. दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान ते दुसऱ्याला दाबते, असे त्याचे म्हणणे. १९७० किंवा १९८५ साली पाच वर्षांच्या मुलापुढे शुद्ध उपचाराचा पर्याय नव्हता. पर्याय होता मृत्यूचा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हाच पेच कर्त्याच्या बाजूने सोडवला आहे. अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक आरंभाला दोष असतो, म्हणून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे तिथे म्हटले आहे. त्याच अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. ‘मीच सही केली, मीच पोराला हे दिले’ म्हणून झुरणाऱ्या आईला या पाचांच्या हिशेबाने खरा दिलासा मिळू शकतो. ती पाचातली एक आहे, सगळी नाही. पण ही शिकवण डॉक्टरला आणि संस्थेला तितक्याच सहजतेने लागू केली तर घोटाळा होतो. दोष अटळ होता म्हणून कर्ता आरोपातून सुटतो. कामातून सुटत नाही. अटळ दोषाचे उरलेले ओझे वाहायचे कोणी, हे गीता तिथे सांगत नाही.

त्यासाठी ऋणाची कल्पना अधिक उपयोगी पडते. पितृऋण, ऋषिऋण या कल्पनांमागे असे गृहीत आहे की माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून. बालकर्करोगात हे अक्षरशः खरे आहे. डोक्याच्या किरणांमुळे दुसरे कर्करोग होतात, वाढ खुंटते, अभ्यासात मूल मागे पडते, हे कळले ते ज्यांनी ते किरण सोसले त्यांच्या देहांवरून. ते कळल्यावर मात्रा २४ वरून १८ वर आली. पुढे २००० ते २००७ या काळात सेंट ज्यूडमध्ये ४९८ मुलांना पहिल्या उपचारात डोक्याचे किरण अजिबात न देता पाहिले आणि पाच वर्षांनंतर ९३ टक्क्यांहून अधिक मुले जिवंत होती. भारतातही किरण सरसकट न देता ठरावीक जोखमीच्या मुलांपुरते ठेवण्याकडे कल आहे. आज कोल्हापूरच्या एखाद्या मुलाच्या कानाखालची ग्रंथी सुरक्षित राहते ती आधीच्या पिढीच्या खर्चाने. एरवी भोग भोगणाऱ्याला देणेकरी ठरवले जाते. इथे तो सावकार आहे.

हे ऋण फेडायची व्यवस्था अगदीच नाही असे नाही. उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ पासून एसीटी क्लिनिक चालते. बऱ्या झालेल्यांचा ‘उगम’ हा गट २००९ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. अडते ते बहुधा घरी. मूल बरे झाले की फाइल कपाटात वर जाते. मुलगी असेल तर स्थळे येऊ लागण्याआधीच ती फाइल घरातून नाहीशी होते, आणि पुष्कळदा खुद्द मुलीलाच आजाराचे नाव सांगितलेले नसते. ‘लहानपणी ताप यायचा, मुंबईला नेलं होतं’ एवढेच तिला ठाऊक. पुढे कानाखाली न दुखणारी गाठ आली की दाढेचा दोष किंवा गालगुंड समजून महिने जातात, कारण समोरच्या डॉक्टरला डोक्याच्या किरणांची माहिती देणारे कोणी नसते. अप्रिय सत्य बोलू नये या परंपरेच्या सल्ल्याचा आधार इथे घेतला जातो, पण तो सल्ला दुसऱ्याला टोचून बोलणाऱ्याला आवरण्यासाठी आहे. ज्याच्या देहात ते सत्य बसलेले आहे त्याच्यापासूनच ते लपवायला नव्हे. लग्नाच्या बाजारात आजाराचे नाव कलंक ठरते हे खरे. त्यात दोष बाजाराचा आहे, आणि तो ‘भोग’ या शब्दाने आणखी पक्का होतो. पूर्वकर्माचा डाग म्हणून पाहिलेला रोग लपवलाच जाणार, सोसलेल्या उपचाराची नोंद म्हणून पाहिलेला रोग सांगता येतो.

गाठ काढल्यावर ती उग्र जातीची निघाली, किंवा कडेला पेशी उरल्याची शंका आली, तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा किरणांचा सल्ला दिला जातो. त्या भागाने आधी किती सोसले आहे यावर नवी मात्रा ठरते, म्हणून जुना कागद इथे पुन्हा लागतो. कृती तीच, धोकाही त्याच जातीचा, पण यावेळी रुग्ण पंचविशीतला असतो. त्याला आकडे समजावून सांगता येतात, तो नाही म्हणू शकतो, आणि संमतिपत्रावर सही त्याची स्वतःची असते. कर्ता आणि भोक्ता एकच झाल्यावर अकृताभ्यागमाचा आक्षेप उरत नाही. उरतो तो फक्त निर्णय, आणि त्यासाठी त्याला बालपणीचा आजार नावासकट माहीत असावा लागतो.